शिट्टी होईपर्यंत झेंडा वर

काकू, व्यासपीठावरचे सर्व ज्येष्ठ, ठाण्या-कल्याणच्या महाविद्यालयांतून आलेले शिक्षक आणि खेळाडू, काकांच्या गावाहून आलेली मंडळी, आणि घोडबंदरच्या गर्दीत अडकून आत्ता दाराशी येऊन थांबलेले सगळे,

मला सभेत बोलता येत नाही. हे मी विनयाने म्हणत नाही. माझ्या वर्गातल्या कोणालाही विचारा. उत्तरपत्रिकेला मी पुरवण्या जोडत जाते, पण हजेरीला नाव पुकारलं की माझा आवाज पहिल्या बाकाच्या पुढे जात नाही. आज तो शेवटच्या रांगेपर्यंत जायला हवा. मागे ऐकू येतं आहे का? येत नसेल तर हात करा. बरं.

मी प्राची सावंत. डोंबिवलीला राहते. इथेच, ठाण्याच्या महाविद्यालयातून बी.ए. झाले आणि आता तिथेच मराठी घेऊन एम.ए. करते आहे. ज्यांच्यासाठी आपण टेंभी नाक्याजवळच्या या सभागृहात जमलो आहोत ते काशिनाथ भोईर, आपल्या सगळ्यांचे काका, माझे नातेवाईक नव्हते. शिक्षक नव्हते. ते आपल्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेचे पंच होते, आणि मी त्यांच्या हाताखाली फक्त एका सामन्यात रेषापंच होते. हातात झेंडा घेऊन मैदानाच्या कडेने धावणारी. मागच्या आठवड्यात ते गेल्याचं कळलं, तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो माझा स्वतःचा उजवा हात. का, ते सांगते.

मी भाषण लिहून आणलं होतं. हे कागद. यात काकांच्या शिस्तीबद्दल एक चांगला परिच्छेद आहे. तो मी वाचणार नाही. कारण माझ्या आधी आमच्या महाविद्यालयाचे क्रीडा विभागप्रमुख जाधव सर बोलले, आणि त्यांनी शोकप्रस्ताव वाचला.

आपण सर्वांनी तो ऐकला. निदान ऐकल्यासारखं केलं. शोकप्रस्ताव कोणी लक्ष देऊन ऐकत नाही. आपण फोटोकडे बघत असतो. मीही बघत होते. पहिल्या परिच्छेदात काका निःस्पृह होते. दुसऱ्यात ते शिस्तप्रिय होते. आणि तिसऱ्यात, आवाज तोच, दुःख तेच, पण तिसऱ्यात असं होतं की काकांच्या स्मरणार्थ स्पर्धेची पंचव्यवस्था आधुनिक करण्यात येत आहे, आणि यंदापासून दोन्ही रेषापंच यजमान महाविद्यालय नेमेल. त्यानंतर सर म्हणाले, सगळ्यांची भाषणं झाली की हा प्रस्ताव आपण उभं राहून, दोन मिनिटं स्तब्ध राहून संमत करू या.

स्तब्ध राहून संमत.

शोकसभेची रीत तीच आहे, मला माहीत आहे. शोकप्रस्तावाला कोणी हात वर करून मत देत नाही. आपण उभे राहतो, माना खाली घालतो, आणि प्रस्ताव संमत होतो. मग मला विचारायचं आहे, मैदानाचा नियम बदलण्यासाठी याहून सोयीची सभा कोणती? जिथे विरोध करणारा माणूस मेलेल्याचा अपमान करणारा ठरतो?

सर, मला खूण दिसली. मी फार वेळ घेणार नाही. पण माइक कृपया चालू राहू द्या.

मी संशयी आहे असं तुम्हाला वाटत असेल. आहे. पण हा संशय मला काकांनी शिकवला, आणि काकांइतका संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते दोन्ही मनगटांवर घड्याळ घालायचे. खेळाडू हसायचे. कोणी विचारलं, काका, दोन कशाला? तर म्हणायचे, "एक दुसऱ्यावर लक्ष ठेवतंय." यजमान महाविद्यालयाचा चहा त्यांनी कधी घेतला नाही, त्यांचा थर्मास त्यांच्या पिशवीत असायचा. गोलाची जाळी ते चारही बाजूंनी हाताने हलवून बघायचे. चेंडू अंगठ्याने दाबायचे. आणि नाणेफेकीच्या वेळी नाणं वर गेलं की ते नाण्याकडे न बघता दोन्ही कप्तानांच्या तोंडाकडे बघायचे.

काकू मला एकदा म्हणाल्या होत्या, "लग्नात पण दोन घड्याळा घालून आयलेले गो. भटजीचा मुहूर्त चुकंल म्हणून."

काकू हसल्या. बरं वाटलं.

पण काकांच्या संशयात आणि आपल्या संशयात एक फरक होता, आणि मला आज जे सांगायचं आहे ते त्या फरकाबद्दल आहे. आपण सगळ्यांवर सारखा संशय घेतो आणि मग थकून कोणाला तरी शरण जातो. काका म्हणायचे, संशय घ्यायचा तर त्याची दिशा ठरवून घ्यायची.

ज्यांनी फुटबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या संघाने चेंडू पुढे मारला, त्या क्षणी आपला खेळाडू समोरच्या संघाच्या, गोलरक्षक सोडून, शेवटच्या बचावपटूच्याही पलीकडे जाऊन उभा असेल, तर तो ऑफसाइड. मग त्याने गोल केला तरी तो धरत नाहीत. हे एका क्षणात घडतं. मध्ये धावणाऱ्या पंचाला ते सरळ रेषेत दिसत नाही. म्हणून मैदानाच्या दोन कडांना दोन रेषापंच असतात. प्रत्येकाकडे अर्धं मैदान. ऑफसाइड दिसला की झेंडा वर.

मोठ्या स्पर्धांना तटस्थ रेषापंच मिळतात. आपल्या स्पर्धेला कधीच मिळाले नाहीत. म्हणून आपल्याकडे जुनी पद्धत अशी की प्रत्येक महाविद्यालयाने आपला एक झेंडा द्यायचा. म्हणजे राखीव खेळाडूंपैकी कोणीतरी. आणि तो उभा राहायचा आपल्या गोलाच्या बाजूला. म्हणजे काय होतं, लक्षात घ्या. समोरचा संघ आपल्यावर चाल करून येतो आहे, आणि त्यांची चूक दाखवायचा अधिकार आपल्या माणसाकडे. मग काय व्हायचं? चेंडू मध्यरेषा ओलांडायच्या आत झेंडा वर. जुने खेळाडू सांगतात की त्या काळी मैदानावर खेळ कमी आणि झेंडेच जास्त असायचे. प्रत्येक सामना भांडणात संपायचा.

काकांनी एकच गोष्ट केली. झेंड्यांच्या जागा उलट्या केल्या.

ठाण्याचा रेषापंच ठाणे ज्या गोलावर चाल करतं त्या बाजूला. कल्याणचा रेषापंच कल्याण ज्या गोलावर चाल करतं त्या बाजूला. मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या की झेंड्यांनीही बदलायच्या. म्हणजे झेंडा उचलायचा तर आपल्याच संघाविरुद्ध उचलायचा.

सगळे ओरडले. अशाने झेंडा कोण उचलेल? त्यावर काकांनी जे उत्तर दिलं ते मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. ते म्हणाले, "नाय उचलला तर मी बघीन ना. माझं डोलं हायत. पण उचलला, तर मग मना बघायची गरज नाय."

मी हे वाक्य घरी जाऊन पुन्हा पुन्हा मनात म्हटलं. मी तर्कशास्त्र शिकलेली मुलगी. पण साक्षीची किंमत साक्षीदार कुठे उभा आहे यावरून करायची, हे मला एका वाक्यात कोणत्याही पाठ्यपुस्तकाने सांगितलं नव्हतं. माणूस प्रामाणिक आहे का, हे काकांना ठरवायचंच नव्हतं. त्यांना एवढंच ठरवायचं होतं की खोटेपणा आला तर तो कोणत्या बाजूने येईल. मग त्या बाजूला ते स्वतः डोळे लावून बसत.

आता माझ्या त्या सामन्याबद्दल.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मला खेळता येत नाही. शाळेत लंगडीतही मी पहिल्या फेरीत बाद व्हायचे. जिमखान्यात मी जायचे ते फलकावर निकाल लिहायला. माझं अक्षर बरं आहे म्हणून. त्या वर्षी आमच्या संघाला रेषापंच मिळेना. काकांच्या पद्धतीत ते काम कोणालाच नको असायचं. आपल्याच पोरांच्या शिव्या कोण खाणार? जाधव सरांनी फलकाशी उभ्या असलेल्या मला विचारलं, "प्राची, तू काहीही वाचतेस. नियमांचं पुस्तक वाचशील?" मी वाचलं. ग्रंथालयात बसून, इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून, सगळं वाचलं. सर, ती संधी मला आपण दिलीत. हे मी विसरलेले नाही, आणि आज जे बोलते आहे ते हे लक्षात ठेवून बोलते आहे.

मैदानावर मी झेंडा घेऊन उतरले तेव्हा आमचा कप्तान सिद्धेश ओरडला, "ए, झेंडावंदन आली रे! सावधान!" पुढे वर्षभर माझं तेच नाव होतं. सिद्धेश, तू मागे खुर्च्यांजवळ उभा आहेस. हसू नकोस. आज चालेल, हस.

अंतिम सामना कल्याणशी होता. सुरुवातीआधी काकांनी आम्हा दोन्ही रेषापंचांना जवळ बोलावलं. माझ्याकडे त्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं. बघितलं म्हणजे संशयाने बघितलं. म्हणाले, "पोरी, धावता येतंय?"

मी म्हटलं, "फारसं नाही."

"झेंडा उचलता येतंय?"

"हो."

"मग ऐक. झेंडा वर केलास, की माझी शिट्टी होईपर्यंत खाली घ्यायचा नाय. कोणी कायपन बोलू दे. तुझा बाप आला तरी नाय."

मी म्हटलं, बाबा कामावर गेलेत. त्यांना हसू आलं नाही. मग वाटलं, बहुतेक हे बाबा खरंच कामावर गेलेत का याचीही खात्री करून घेणार.

सामना बरोबरीत होता. शेवटची काही मिनिटं. मैदानाच्या मध्यावर कल्याणचा एक मुलगा पायात गोळा येऊन पडला होता, आणि काका वाकून त्याच्याकडे बघत होते. खेळ थांबवलेला नव्हता. चेंडू आमच्या मुलाकडे होता, त्याने तो लांब पुढे मारला, आणि सिद्धेशने धावत जाऊन गोल केला. मी त्याच रेषेत उभी होते. चेंडू सुटला तेव्हा सिद्धेश त्यांच्या शेवटच्या बचावपटूच्या पुढे होता. फार नाही. पण होता. माझा हात वर गेला.

तो मी उचलला असं मला आजही वाटत नाही. तो गेला.

आणि मग कोणीच माझ्याकडे बघितलं नाही. आमची मुलं एकमेकांच्या अंगावर पडली होती. ढोल वाजत होता. कल्याणची मुलं मान खाली घालून परत निघाली होती. मी हात वर करून एकटी उभी. मला वाटलं, मी अदृश्य आहे. खरं सांगायचं तर मला त्याची सवय होती.

एकाच माणसाने बघितलं. जाधव सर कडेकडेने माझ्यापर्यंत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "प्राची, हात खाली घे. त्यांनी बघितलेलं नाही."

सर, आपण समोर बसला आहात म्हणून मी हे बोलले. आपल्या मागे बोलले असते तर ती चुगली झाली असती. आपण तेव्हा रागावला नव्हतात. आपण मला अगदी मायेने सांगितलं होतंत. आणि म्हणूनच तो हात वर ठेवणं मला इतकं जड गेलं.

काका उभे राहिले. त्यांची एक सवय होती. गोल झाला की शिट्टीच्या आधी ते मागे वळून झेंड्याकडे बघायचे. सगळं मैदान नाचत असलं तरी. ते वळले. त्यांना माझा हात दिसला. ते सावकाश चालत माझ्याकडे आले, आणि त्यांच्या मागे आमचा आख्खा संघ. काकांनी मला तीन प्रश्न विचारले.

"बघितलंस?"

"हो."

"कोनाच्या पुढं?"

"त्यांच्या डावीकडच्या बचावपटूच्या."

"कुठल्या कॉलेजची तू?"

मी म्हटलं, "ठाण्याची."

शिट्टी झाली. गोल रद्द. मी हात खाली घेतला. नंतर पेनल्टींवर कल्याण जिंकलं.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते इथल्या पुष्कळांना ठाऊक आहे. लोक म्हणायचे, ती डोंबिवलीची आहे, म्हणजे कल्याणच्याच बाजूची. तिच्या शिकवणीच्या वर्गात कल्याणचा एक मुलगा होता म्हणे. होता. त्या वर्गात सगळी डोंबिवली होती. उपाहारगृहात मी चहा घ्यायला गेले की मागून आवाज यायचा, "कल्याणचा कोण गं तुझा?" माझ्या बाकावर कोणीतरी रोज कागदाचा एक झेंडा ठेवायचं. त्यातले काही फार सुबक असायचे.

माझं जाऊ द्या. मला पुस्तकं होती. काकांवर मात्र तक्रार झाली. पंचाने स्वतः खात्री न करता एका हौशी मुलीच्या झेंड्यावर गोल रद्द केला. तक्रार आमच्या महाविद्यालयाची होती. पुढच्या वर्षीपासून काकांना सामने मिळाले नाहीत. आज प्रस्तावाच्या दुसऱ्या परिच्छेदात म्हटलं आहे की वयोमानानुसार ते स्वेच्छेने निवृत्त झाले. काकू, ते स्वेच्छेने झाले होते का? आपण नाही म्हणून मान हलवलीत. पुरे.

मी त्यांना भेटायला गेले. खाडीच्या बाजूला त्यांचं गाव. पूर्वी जिथे यांची भातशेती आणि मिठागर होतं तिथे आता यांचीच इमारत उभी आहे, आणि काका तळमजल्यावर ओट्यावर बसलेले. काकूंनी चहा आणला. काकांनी आधी माझ्या कपाकडे बघितलं, मग स्वतःच्या. काकू म्हणाल्या, "घ्या, घ्या. घरचा हाय. यांना माझ्या हातच्या चहाचा पन संशय गो!"

मला एकच विचारायचं होतं. गेले कित्येक दिवस तेच डोक्यात होतं. मी म्हटलं, "काका, तुम्ही स्वतः बघितलं होतं का? तो पुढे होता ना?"

ते म्हणाले, "नाय. मी त्या पडलेल्या पोराकडं बघत व्हतो."

"मग माझ्यावर विश्वास कसा ठेवलात?"

त्यांनी कप खाली ठेवला. खरंच आश्चर्य वाटल्यासारखं बघितलं.

"इश्वास? तुझ्यावर? क्याला ठेवीन? मी तुला वळखत पन नव्हतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कपात बघून लपवलं.

मग ते म्हणाले, "मी तुला जिथं उभी केली व्हती ना, त्या जागेवर इश्वास ठेवला. ठाण्याची पोर ठाण्याचा गोल क्याला घालवंल?" आणि थोडं थांबून, "नंतर चौकशी पन केली. कल्याणात तुझा कोन हाय का."

"मग?"

"कोन नाय. मामा हाय उल्हासनगरला. तो चालंल."

त्या दिवशी मला राग यायला हवा होता. इतके दिवस ज्या माणसाच्या विश्वासावर मी तग धरून होते, त्याने माझ्यावर विश्वास ठेवलाच नव्हता, उलट माझ्या मामापर्यंत जाऊन आला होता. पण घरी परतताना मला हलकं वाटत होतं. माझ्यावर विश्वास ठेवला असता तर मला तो जन्मभर सांभाळावा लागला असता. त्यांनी माझं म्हणणं खरं धरलं, आणि ते खरं धरण्यासाठी मी थोर असण्याची गरज त्यांना पडली नाही. कोणीही तिथे उभं असतं तरी चाललं असतं. सिद्धेशही.

सिद्धेशला मी मागच्या वर्षी विचारलं होतं, तू पुढे होतास का रे? तो म्हणाला, "आईशपथ, मला नाही माहीत. मी चेंडू बघत होतो." ज्याने गोल केला त्यालाही माहीत नाही. म्हणजे त्या गोलाबद्दल या जगात फक्त एक साक्ष आहे, ती माझी, आणि ती खरी धरणारा एक माणूस होता. तो आता नाही.

आता त्या तिसऱ्या परिच्छेदाकडे येते.

दोन्ही रेषापंच यजमान महाविद्यालयाने नेमायचे. यजमानाचा सामना नसेल तेव्हा ते ठीक चालेल. कदाचित चांगलंही चालेल, प्रशिक्षित असतील, एकसारखे गणवेश असतील. पण यजमान स्वतः खेळत असेल तेव्हा? तेव्हा दोन्ही कडांना एकाच घरचे झेंडे. काकांनी संशयाला जी एक दिशा दिली होती ती जाईल, आणि पंचाला मैदानाच्या कोणत्या भागाकडे डोळे लावायचे हेच कळणार नाही. आणि हे आम्ही कोणाच्या नावाने करणार? काकांच्या.

यंदा यजमान कोण आहे?

मी सांगते. यंदा यजमान आमचं महाविद्यालय आहे. माझं.

जाधव सर वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांनी हा परिच्छेद मुद्दाम इथे घातला, असंही मी म्हणणार नाही. मला माहीत नाही. काकांनीही म्हटलं नसतं. ते एवढंच म्हणाले असते की ठराव सरांच्या संघाच्या फायद्याचा आहे, म्हणून तो तेवढ्यानेच चुकीचा ठरत नाही. फक्त तो बघून घ्यावा लागेल. जागेपणी. बसून, बोलून, सगळ्या महाविद्यालयांच्या बैठकीत, जिथे विरोध करणाऱ्याला अश्रद्ध म्हणता येणार नाही.

आणि हाच नियम मलाही लावा. माझ्यावर विश्वास ठेवू नका. ही जुना राग काढते आहे का, असा संशय घ्या. मी स्वतःच्या मनाशी तो घेतला आहे. पण मी कुठे उभी आहे तेही बघा. मी ठाण्याची आहे. हा परिच्छेद राहिला तर फायदा माझ्या महाविद्यालयाचा. उद्या सकाळी मला त्याच फाटकातून आत जायचं आहे, त्याच उपाहारगृहात चहा घ्यायचा आहे, आणि बाकावर पुन्हा कागदाचे झेंडे मिळतील हे मला ठाऊक आहे. तरी मी हे बोलते आहे. पुढचं काकांना कळलं असतं. तुम्हालाही कळेल.

माझी विनंती लहान आहे. पहिले दोन परिच्छेद ठेवा. दुसऱ्यातला 'स्वेच्छेने' हा शब्द काढा. तिसरा परिच्छेद आजच्या प्रस्तावातून वगळा. मग आपलं मौन फक्त काकांचं होईल. त्या मौनाच्या आडून दुसरं काही संमत होणार नाही.

काका, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला नाहीत याबद्दल मी तुमची कायमची ऋणी आहे. एवढ्या आदराने माझ्याशी कोणी वागलं नव्हतं.

आता आपण सगळे उभे राहू या. माना खाली घाला, डोळे मिटा, काकांना आठवा. त्यांची दोन्ही घड्याळं त्या फोटोसमोर ठेवली आहेत, त्यांच्यावर वेळ सोपवू या. मी मात्र मान खाली घालणार नाही, आणि हात वर ठेवणार आहे. काकू, हा तुमच्या दुःखाचा अवमान नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मला तसं शिकवलेलं आहे. झेंडा वर केला की शिट्टी होईपर्यंत खाली घ्यायचा नाही.

शिट्टी वाजवणारा माणूस गेला. म्हणून सर, तिसरा परिच्छेद वगळला, असं आपण म्हणेपर्यंत मी इथे अशीच उभी आहे.

स्तब्धता.